स्वाध्यायाची विद्या आणि संगणक

(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक संमेलनातील भाषण)



आपल्या ट्रस्टच्या अमृतमहोत्सवात मला दोन शब्द बोलण्यास पाचारण केलेत, हा माझा मोठाच बहुमान आहे. चिटणीसांचे पत्र हाती आले तेव्हा प्रथम आनंद झाला आणि मागोमाग थोडे हसूही आले. ते का आले, हे आरंभीच सांगून टाकते. १९९८ साली मी याच ट्रस्टकडे कर्जाऊ शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. ज्या संस्थेने एकेकाळी माझा अर्ज परत केला, तिनेच आज मला व्यासपीठावर बसविले आहे. मात्र हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. अर्ज नामंजूर झाल्यावर या संस्थेने मला जे दिले, ते शिष्यवृत्तीहून मोठे होते. तीच हकीकत आज सांगावयाची आहे, कारण तीत आजच्या मुलामुलींच्या आणि संस्थेच्याही उपयोगाचे काही आहे, असे मला वाटते.

मी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा, म्हणजे आपण ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणतो तो, व्यवसाय करते. या विषयाची कोणतीही पदवी मजजवळ नाही. जे आले ते स्वतः धडपडून आले. अशा माणसाला लोक कौतुकाने ‘स्वयंशिक्षित’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते की याने कोणाच्याही साहाय्याविना विद्या मिळविली. खरे पाहता मला गुरू नव्हता असे नाही. मला पुष्कळ गुरू होते, पण त्यांतील एकालाही आपण गुरू आहोत हे ठाऊक नव्हते.

त्या वेळची आमची परिस्थिती येथील बऱ्याच घरांना परिचयाची आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली. मी वाणिज्य शाखेची बारावी कशीबशी पुरी केली आणि एका व्यापाऱ्याच्या पेढीवर महिना बाराशे रुपयांवर हिशेब लिहू लागले. त्या पेढीवर एक संगणक आला. तो चालविण्यास एक तरुण येत असे. आम्ही चौघे मिळून चार दिवसांत जी उधारीची यादी करीत असू, ती तो अर्ध्या तासात छापून देई. मला त्या यंत्राचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते याचे, की यंत्राला हे काम कोणीतरी समजावून सांगितलेले आहे. ते कसे सांगतात, एवढा एकच प्रश्न मनात घर करून बसला.

शहरातील एका खाजगी वर्गात चौकशी केली. वर्षाची फी अठरा हजार रुपये, म्हणजे माझा पंधरा महिन्यांचा पगार. म्हणून ट्रस्टकडे अर्ज केला. नियम असा होता की कर्जाऊ शिष्यवृत्ती फक्त मान्यताप्राप्त महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्यास मिळेल. कार्यकारिणीने नियमाला धरून निर्णय दिला. त्यात कोणाचा दोष नव्हता. परंतु त्या वेळचे चिटणीस काका नामंजुरीचे पत्र टपालाने न पाठविता स्वतः घेऊन आमच्या घरी आले. आईने केलेला चहा घेतला आणि म्हणाले, “पैसे देता आले नाहीत. पण कचेरीत एक संगणक आहे. कोणी दानात दिलेला. पत्रे टंकलिखित करण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. संध्याकाळी सात ते नऊ कचेरी रिकामी असते. ही किल्ली ठेव.”

त्या किल्लीने माझे आयुष्य बदलले.

आता मुलीने रोज रात्री नऊपर्यंत रिकाम्या कचेरीत एकटीने बसावयाचे, हे आईला कसे रुचावे? तिने त्यावर साधा तोडगा काढला. ती माझ्याबरोबर येऊ लागली. मी संगणकापुढे बसे आणि ती बाजूच्या बाकावर देवाच्या वाती वळीत बसे. असे जवळजवळ तीन वर्षे चालले. माझ्या शिक्षणाचा खर्च कोणी विचारला तर मी सांगते, एक किल्ली, थोडी वीज आणि आईच्या तीन वर्षांच्या संध्याकाळी.

तो संगणक त्या काळीही जुनाच होता. ४८६ जातीचा, डॉस पद्धतीवर चालणारा. परंतु त्यात एक गुप्तधन होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९१ साली डॉसची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हापासून तिच्याबरोबर क्यूबेसिक नावाची भाषा फुकट येत असे आणि तिच्या पोटातच तिचे मदतपुस्तकही असे. म्हणजे ज्या शिक्षणासाठी मी अठरा हजारांची चिंता करीत होते, त्याची पहिली पायरी त्या धूळ खात पडलेल्या पेटीतच होती.

माझी पहिली आज्ञावली एकोणिसाच्या पाढ्याची. एकापासून दहापर्यंत मोज, प्रत्येक आकड्याला एकोणिसाने गूण, उत्तर छाप. एवढेच. पडद्यावर एकोणीस, अडतीस, सत्तावन्न असे आकडे उमटले तेव्हा लहानपणी पाढे म्हणताना झालेला सगळा त्रास भरून आल्यासारखे वाटले! दुसऱ्या दिवशी तेच काम मी निराळ्या रीतीने लिहून पाहिले, आणि पडदाभर नुसते एकोणीस, एकोणीस, एकोणीस धावू लागले. काही केल्या थांबेना. यंत्र बिघडले अशा भीतीने मी भिंतीवरचे बटणच बंद केले. आई वाती वळताना हे सारे पाहत होती. ती म्हणाली, “तू त्याला पुढे जायला सांगितलेस का? आणि थांबायला कुठे सांगितलेस?”

आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण चूक नेमकी तीच होती. एका फेरीनंतर मोजणीचा आकडा एकाने वाढविण्याची आज्ञा मी लिहावयास विसरले होते. तो आकडा एकावरच राहिला, म्हणून दहापर्यंत कधी पोहोचलाच नाही. या व्यवसायात आजपर्यंत मी ज्या चुका केल्या, त्यांतील निम्म्या याच कुळातल्या आहेत. यंत्र मूर्खही नसते आणि हट्टीही नसते. ते सांगितले तेवढेच करते, आणि आपण काय सांगितले हे आपणांसच ठाऊक नसते. आज्ञावली लिहिणे म्हणजे, प्रथम आपल्या मनातील अंधुक विचार स्वतःलाच स्वच्छ सांगणे. बाकीचे सारे व्याकरण आहे.

व्याकरणाचीही अडचण होतीच. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी, अशी आपणा बडोदेकरांची तिहेरी अवस्था. मदतपुस्तकातील एक पान समजून घेण्यास मला दोन संध्याकाळी लागत. मी एक वही केली. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर त्याचा मला समजलेला अर्थ मराठीत. आणि शब्दकोशातला अर्थ न लिहिता, ती आज्ञा चालवून पाहिल्यावर काय घडले ते लिहावयाचे. या वहीचा मोठा उपयोग झाला. पुढे सी भाषा शिकताना नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक हाती आले. ते इंग्रजीत असले तरी समोर बसलेल्या विद्यार्थ्याशी बोलावे तसे लिहिलेले आहे. तोवर माझी वही बरीच भरली होती, म्हणून ते पुस्तक मला परके वाटले नाही.

आता एका चुकीची हकीकत सांगते, कारण माझे खरे शिक्षण तेथे झाले.

वर्षभराने मला वाटू लागले की आपणांस हे जमू लागले. संस्थेचे उपकार फेडावे म्हणून मी कर्जाऊ शिष्यवृत्ती खात्याची आज्ञावली तयार केली. कोणी किती कर्ज घेतले, किती फेडले, व्याज किती, एकूण बाकी किती, हे सर्व तीतून निघे. मोठ्या ऐटीत मी छापील कागद हिशेबनीस काकांपुढे ठेवला. काका धोतर-टोपीतले, जुन्या वळणाचे. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरला, आपली खतावणी उघडली आणि पाऊण तास एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “सतरा पैशांचा फरक आहे.”

एकूण रक्कम तीन लाखांच्या वर. त्यात सतरा पैसे! मी म्हटले, “काका, सतरा पैशांनी काय होते?” ते म्हणाले, “सतरा पैसे गेले तर जाऊ देत. पण कुठे गेले ते कळले पाहिजे. आज सतरा पैसे कुठे गेले हे तुला ठाऊक नाही, तर उद्या सतरा हजारांचेही ठाऊक नसेल.”

मी पंधरा दिवस शोध केला. आज्ञावलीत चूक सापडेना. शेवटी जे सापडले ते असे. संगणक आकडे दोनाच्या पटीत साठवितो. आपण दहाच्या पटीत मोजतो. आपल्या रीतीत एकाचा तिसरा भाग दशांशात लिहू लागलो तर तीन, तीन, तीन असे लिहीतच राहावे लागते. तो कधी पुरा होत नाही. तद्वत दोनाच्या रीतीत एकाचा दहावा भाग कधी पुरा लिहिता येत नाही. आपले पूर्वज पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करीत. गंमत पाहा, या यंत्राला पावकी-निमकी अगदी बिनचूक येते, कारण पाव आणि अर्धा हे दोनाच्या भागाकारातून निघतात. परंतु रुपयाचा दहावा भाग, म्हणजे दहा पैसे, त्याला नेमका मांडता येत नाही. तो जवळचा आकडा धरतो. त्यातून मी जी साठवण वापरली होती ती सुमारे सात अंकांपुरतीच खरी. तीन लाखांच्या घरात त्या साठवणीतील दोन लगतच्या आकड्यांत तीन पैशांहून अधिक अंतर असते. शेकडो बेरजांत थोडे येथे, थोडे तेथे असे करीत सतरा पैसे नाहीसे झाले होते.

उपाय सोपा निघाला. रुपयांत न मोजता सर्व हिशेब पैशांत, पूर्णांकांत ठेवावयाचा आणि छापताना तेवढा शंभराने भाग देऊन दाखवावयाचा. पूर्णांकात यंत्र एका पैशाचीही चूक करीत नाही. क्यूबेसिकच्या मोठ्या पूर्णांकात दोन कोटी चौदा लाख रुपयांपर्यंतची रक्कम पैशांत मावते. आपल्या खात्याला तेव्हा ती मर्यादा पुष्कळ होती. मात्र व्याज काढताना अर्धा पैसा आला तर तो धरावा की सोडावा, हे यंत्राने कसे ठरवावे? ते काकांनाच विचारावे लागले. त्यांनी संस्थेची जुनी रीत सांगितली, ती मी आज्ञावलीत लिहिली, आणि मग बेरीज पैशाला पैसा जुळली. त्या दिवशी काकांनी खतावणी मिटली आणि म्हणाले, “आता हे तुझे यंत्र आपल्या पेढीवर नोकरीला ठेवण्यास हरकत नाही.” इतके मोठे प्रशस्तिपत्र मला पुढे कोठे मिळाले नाही.

पुढे नोकरीचा प्रश्न आला. येथे मी विद्यार्थ्यांना गोड भ्रमात ठेवणार नाही. पदवी नसलेल्याला दारे बंद असतात. २००१ साली तर अमेरिकेतील संगणक-व्यवसायावर मंदी आलेली होती आणि पदवीधरांनाही काम मिळत नव्हते. मी अनेक ठिकाणी अर्ज केले. बहुतेक ठिकाणी उत्तरच आले नाही. एका ठिकाणी माझा अर्ज माझ्यासमोरच बाजूला ठेवला गेला. अखेर दुकानदारांसाठी हिशेबाच्या आज्ञावली करणाऱ्या एका लहानशा कचेरीत गेले. प्रमाणपत्र दाखविण्यासारखे काही नव्हते, म्हणून ट्रस्टच्या खात्याची छापील पाने पुढे ठेवली आणि सतरा पैशांची गोष्ट सांगितली. मालक स्वतः पूर्वी दुकानदार होते. त्यांनी दुसरे काही विचारले नाही. साडेतीन हजारांवर मी रुजू झाले. तात्पर्य, ज्याच्याजवळ पदवी नाही त्याच्याजवळ पुरे केलेले, कोणाच्या तरी रोजच्या उपयोगात असलेले एक तरी काम असले पाहिजे. अर्धवट दहा कामांपेक्षा पुरे झालेले एक काम अधिक बोलते.

परंतु स्वतः शिकलेल्या माणसाच्या ज्ञानाला भोके असतात, आणि ती कोठे आहेत हे त्याला दिसत नाही. नोकरी लागून वर्ष झाले असेल. एका ग्राहकाच्या यादीत वीस हजार नावे होती. त्यांतील दुबार आलेली नावे शोधावयाची होती. मी सरळ रीत केली. पहिले नाव घ्यावे, सगळ्या यादीशी ताडून पाहावे; दुसरे घ्यावे, पुन्हा सगळ्या यादीशी ताडून पाहावे. प्रत्येक वेळी नावे तबकडीवरून वाचली जात. संध्याकाळी काम लावून घरी गेले. सकाळी येऊन पाहते तो यंत्र अद्याप चालूच! वीस हजार गुणिले वीस हजार म्हणजे चाळीस कोटी वेळा ताडून पाहणे झाले, हा हिशेब मी केलाच नव्हता.

शेजारी बसणारा एक सहकारी अभियांत्रिकीचा पदवीधर होता. त्याने हसू आवरून मला विचारले, “ताई, लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीत एकच घर दोनदा आले का, हे तुम्ही कसे पाहता?” मी म्हटले, “आडनावाप्रमाणे यादी लावते. दुबार नावे आपोआप शेजारी येतात.” म्हणाला, “मग यंत्रालाही तसेच सांगा.” प्रथम यादी अकारविल्हे लावावयाची आणि मग प्रत्येक नाव फक्त शेजारच्या नावाशी ताडावयाचे. वीस हजार नावे चांगल्या रीतीने क्रमाने लावण्यास चाळीस कोटी नव्हे, तर सुमारे तीन लाख तुलना पुरतात. काम मिनिटभरात झाले. हे महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी शिकवितात. मला ते चार वर्षांनी, आणि तेही शरमिंदे होऊन कळले. त्या दिवसापासून मी त्या सहकाऱ्याकडून त्याची जुनी क्रमिक पुस्तके मागून आणून वाचू लागले. म्हणून सांगते, पदवीची निंदा करू नका. ज्याला महाविद्यालयात जाणे शक्य आहे, त्याने अवश्य जावे. स्वाध्याय हा आळशी माणसाचा जवळचा रस्ता नव्हे. ज्याला राजरस्ता बंद आहे त्याची ती पायवाट आहे, आणि तीवर काटे अधिक आहेत.

तरीही या पायवाटेची लाज बाळगण्याचे कारण नाही. या विद्येचा जन्मच अशा पायवाटेवर झाला. अमेरिकेत संगणकशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ साली. त्यापूर्वी ज्यांनी आज्ञावली लिहिल्या ते गणिताचे, पदार्थविज्ञानाचे, अभियांत्रिकीचे लोक होते; नवे काम त्यांनी करता करता शिकून घेतले. ग्रेस हॉपर या विदुषी गणितात पीएच.डी. झालेल्या होत्या; माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत यंत्राकडूनच रूपांतर करविण्याची आरंभीची एक खटपट त्यांनी १९५२ साली करून दाखविली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामास लागला, तोही आपल्याच लोकांनी शिकत शिकत उभारलेला.

फार दूर कशाला जावे? आपल्याच गावातील कलाभवन पाहा. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली ते निघाले. तेथे शिकलेल्यांपैकी एक दादासाहेब फाळके. चित्रपट कसा काढावा हे शिकविणारी शाळा त्या वेळी या देशात नव्हती. फाळक्यांनी पुस्तके मागविली, १९१२ साली लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थ यांच्याकडे प्रत्यक्ष काम पाहून आले, आणि मग घरी रोपट्याच्या वाढीचे चित्रण करून हात बसविला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. यातील क्रम ध्यानात घ्यावा. प्रथम पुस्तक, मग जाणत्याकडे जाणे, मग घरचा प्रयोग, आणि शेवटी पुरे केलेले काम. आज संगणक शिकणाऱ्यालाही मला याहून चांगला क्रम सांगता येत नाही.

महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु शाळेतून बाहेर पडलेल्याने पुढे काय करावे, याचाही विचार त्यांनी केला. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना आणून त्यांनी ग्रंथालयांची घडी बसविली. मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके फिरविली. शाळा थोड्या वर्षांची, ग्रंथालय जन्मभराचे, हे त्यामागील धोरण. माझ्या मते स्वयंशिक्षणाचा अर्थ हाच आहे. शिकणाऱ्याने धडपड करावी हे खरे, पण दार मात्र कोणीतरी उघडे ठेवावे लागते.

आज ते दार पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठे झाले आहे. पायथन ही सोपी आणि सामर्थ्यवान भाषा नेदरलंड्सच्या खीदो फान रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. ती विनामूल्य आहे. आपल्या आय.आय.टी. संस्थांनी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून २००३ साली सुरू केलेल्या एन.पी.टी.ई.एल. या योजनेखाली आपली व्याख्याने सर्वांना खुली केली आहेत. ज्या क्रमिक पुस्तकांसाठी मी सहकाऱ्याची मनधरणी केली, त्यांतील विषय आज घरबसल्या ऐकता येतात. उणीव आहे ती साहित्याची नव्हे. शांत जागेची, नियमाची आणि चूक दाखविणाऱ्या माणसाची आहे.

पालक मला विचारतात, “२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता यंत्रच आज्ञावली लिहून देते. मग मुलांनी हे कशाला शिकावे?” प्रश्न रास्त आहे. मी स्वतः अशी साधने रोज वापरते आणि त्यांनी माझे पुष्कळ कष्ट वाचतात. नवशिक्याच्या हाताला मिळणारी लहानसहान कामे ही यंत्रे करू लागली आहेत, ही गोष्टही मी लपविणार नाही. परंतु मला दर वेळी हिशेबनीस काकांची आठवण होते. यंत्राने लिहिलेला कागद माझ्यासारखाच ऐटीत पुढे येतो. त्यात सतरा पैसे कोठे गेले, हे कोण पाहणार? अर्धा पैसा धरावा की सोडावा, हे कोण ठरविणार? ज्याने स्वतः बेरीज केली आहे त्यालाच दुसऱ्याची चुकलेली बेरीज ओळखता येते. म्हणून शिकताना प्रथम स्वतः लिहा, स्वतः चुका, चूक स्वतः शोधा. मग यंत्राला विचारा. काका नसतील तर निदान खतावणी तरी आपण स्वतः लिहिलेली असावी.

विद्यार्थ्यांना आणखी थोडे सांगावयाचे आहे. एकच भाषा धरा आणि वर्षभर सोडू नका. नवी भाषा आली म्हणून धावू नका. रोज एक तास हा रविवारच्या सात तासांहून अधिक फळ देतो. दुसऱ्याची आज्ञावली वाचावयास शिका. नुसते लिहिणे म्हणजे ऐकल्याशिवाय बोलणे. आपल्या घरातील, दुकानातील, संस्थेतील एखादी खरी अडचण घ्या आणि ती पुरी सोडवा. समजलेले मराठीत लिहून ठेवा. जे आपल्या भाषेत सांगता येत नाही ते आपणांस पुरते कळलेले नसते. आणि सहा महिन्यांत नोकरी देतो म्हणणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहा. मला तीन वर्षे लागली. कोणास दोन लागतील, कोणास चार.

शेवटी संस्थेला एक विनंती. कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या नियमात बदल करावा, असा ठराव आज दुपारी कार्यकारिणीपुढे येणार असल्याचे कळते. जे महाविद्यालयात नाहीत, पण एखादी विद्या नेटाने शिकत आहेत, त्यांनाही साहाय्य द्यावे असा तो आहे. काही वडीलधाऱ्या मंडळींना शंका आहे की महाविद्यालयाची पावती नसेल तर पैसा योग्य ठिकाणी गेला हे समजावे कसे? ही शंका मला अवाजवी वाटत नाही. हा पैसा कोणाच्या तरी वर्गणीचा आहे. सतरा पैशांसाठी पाऊण तास खतावणी चाळणाऱ्या संस्थेने तो आंधळेपणाने देऊ नये. म्हणून मी असे सुचविते की आरंभी पैसे देऊच नयेत. कचेरीतील एक खोली संध्याकाळी उघडी ठेवावी. तेथे चार संगणक असावेत. त्यांतील दोन मी देते. आठवड्यातून एक दिवस मी स्वतः येऊन बसेन आणि चुका दाखवीन. जो मुलगा किंवा मुलगी सहा महिने नियमाने येईल आणि एक काम पुरे करून दाखवील, त्याच्या अर्जाचा मग कार्यकारिणीने विचार करावा. हजेरीचे पुस्तक हीच पावती. आणि मुलींबरोबर त्यांच्या आया आल्या तर त्यांच्यासाठीही एक बाक ठेवावा, एवढे मात्र अगत्याने सांगते.

ते चिटणीस काका आणि हिशेबनीस काका आज आपल्यात नाहीत. माझी आई मात्र समोर, दुसऱ्या रांगेत बसली आहे. मी आज जे बोलले ते तिला पाठ आहे, म्हणून ती थोडी कंटाळलेली दिसते.

 संस्थेला शतकमहोत्सवाची शुभेच्छा आताच देऊन ठेवते, आणि आपली रजा घेते.